बाहुली कुणाच्या हातून काढून घ्यायची?

1975 सालच्या चित्रपटांना फिल्मफेअर पुरस्कार दिले गेले, तेव्हा ‘शोले’च्या वाट्याला एकच बाहुली आली. ती संकलक एम. एस. शिंदे यांची. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला ‘दीवार’, दिग्दर्शक यश चोप्रा, सहायक अभिनेता शशी कपूर. पुढे 2005 मध्ये, पन्नासाव्या सोहळ्यात, त्याच फिल्मफेअरने ‘शोले’ला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवलं. म्हणजे जो चित्रपट आपल्या वर्षात पहिला आला नव्हता, तो अर्धशतकात पहिला आला. हिशेब कुठे चुकला होता, 1976 मध्ये की 2005 मध्ये, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

सिनेमावेड्यांच्या गप्पांना असं सरपण कायम लागतं. कुणावर अन्याय झाला, कुणाला डावललं, कुणी ‘मॅनेज’ केलं, या विषयावर चार जण जमले की रात्र सरते. या वादांचं साहित्य अफाट आहे आणि त्यातलं बरंचसं एकाच सुरात लिहिलेलं आहे: हरलेल्याची थोरवी पानभर, जिंकलेल्याचा उल्लेख एका ओळीत. आरोपीला न बोलावता खटला चालवण्यासारखं आहे हे. पुरस्कार एकच असतो. तो एकाला द्यायचा म्हणजे दुसऱ्याच्या हातून काढून घ्यायचा, आणि ज्याच्या हातून काढायचा त्याचं काम निदान पाहिलेलं असावं, एवढी अट घातली तरी निम्मे वाद जागीच मिटतील. उरलेले निम्मे खरे. त्यांचाच हा आढावा.

‘शोले’पासूनच सुरुवात करू. ‘दीवार’ जानेवारी 1975 मध्ये आला, ‘शोले’ 15 ऑगस्टला. दोन्ही सलीम-जावेद यांनी लिहिलेले. कथा, पटकथा आणि संवाद हे तिन्ही पुरस्कार त्यांना ‘दीवार’साठी मिळाले, तेव्हा निदान लेखकांवर अन्याय झाला असं म्हणायची सोय नाही, ते स्वतःशीच हरले. आज ‘शोले’चं पारडं जड वाटतं, कारण मधल्या काळात तो चित्रपट आपल्या बोलण्यात मुरला. संवादांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या, मिनर्व्हात तो वर्षानुवर्षं चालला, दूरदर्शनने आणि नंतरच्या वाहिन्यांनी तो शेकडो वेळा दाखवला. 1976 च्या मतदाराजवळ यातलं काही नव्हतं. त्याच्यासमोर दोन चित्रपट होते. एक भव्य, देखणा, करमणुकीने ओसंडणारा. दुसरा गोदीतल्या हमालाचा, आईच्या दोन मुलांचा, शहराने माणसाला कसं घडवलं आणि मोडलं याचा, आणि त्यात पटकथेचा एकही सांधा सैल नाही. मी मतदार असतो तर मत ‘दीवार’लाच दिलं असतं, आणि आजही देईन. ‘शोले’चं मोठेपण त्याने कमी होत नाही.

पण त्याच यादीत खाली उतरलं की माझं मत फिरतं. सहायक अभिनेत्याच्या नामांकनात अमजद खान होता. शशी कपूरने ‘दीवार’मध्ये इन्स्पेक्टर भाऊ नेकीने केला, त्याचं ते एक सुप्रसिद्ध वाक्य तर आहेच, पण ते वाक्य लिहिलेलंच इतकं पक्कं आहे की कुणाच्याही तोंडी उभं राहिलं असतं. अमजदच्या गब्बरचं तसं नाही. तो आवाज, ती तंबाखू मळत बोलण्याची लय, हसता हसता थांबणं, हे सगळं नटाचं. शिवाय तो जवळजवळ नवखा होता, त्याच्या नावाभोवती कसलंही वलय नव्हतं. इथे बाहुली काढून घ्यायला माझा हात कचरत नाही.

आता अशा वादांतला एक जुना आणि सगळ्यात गमतीचा निकाल पाहा. 1960 सालच्या चित्रपटांत ‘मुगल-ए-आझम’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. इथवर सगळे खूश. दिग्दर्शनाचा पुरस्कार मात्र के. आसिफ यांना मिळाला नाही, बिमल रॉय यांना ‘परख’साठी मिळाला. संगीताचा नौशाद यांना मिळाला नाही, ‘दिल अपना और प्रीत पराई’साठी शंकर-जयकिशन यांना मिळाला. दिलीपकुमारला अभिनयाची बाहुली मिळाली, पण सलीमसाठी नाही. ‘कोहिनूर’मधल्या हसऱ्या, उनाड राजपुत्रासाठी. आणि अनारकलीला डावलून सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली ‘घूंघट’मधली बीना राय. मधुबालाला आयुष्यात फिल्मफेअर मिळालंच नाही.

हा निकाल मूर्खपणाचा म्हणून सोडून देणं सोपं आहे. नीट पाहिलं तर त्यातले दोन निर्णय मला पटतात. ‘परख’ हा गावातल्या लोकशाहीवरचा बारीक चिमटे काढणारा चित्रपट आहे, सलील चौधरींच्या कथेवरचा. त्यात दिग्दर्शक कुठे दिसत नाही आणि म्हणूनच तो प्रत्येक चौकटीत आहे. ‘मुगल-ए-आझम’ ही निर्माता म्हणून आसिफ यांच्या जिद्दीची कमाल आहे, आणि ती सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्काराने मान्य झाली. दिलीपकुमारबद्दलही मतदारांचे कान-डोळे शाबूत होते. सलीम हा त्या चित्रपटातला सगळ्यात कमी बोलका माणूस. सगळी धग पृथ्वीराज कपूर आणि मधुबाला यांच्याकडे. ‘कोहिनूर’मध्ये दिलीपकुमारने विनोद केला, तोही आपल्या दुःखी प्रतिमेवर पाणी सोडून. शिवाय त्यातल्या एका गाण्यासाठी तो सतार शिकला होता. संगीताच्या बाबतीत मात्र मी नौशाद यांच्या बाजूने उभा आहे. शंकर-जयकिशन यांची ती गाणी गोड आहेत, गुणगुणायला सोपी आहेत. नौशाद यांनी एका चित्रपटात बडे गुलाम अली खाँसाहेबांना गायला लावून दरबार उभा केला. मधुबालाबद्दल शेवटी बोलू.

विनोदाचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबायला हवं. पुरस्कारांना हसणाऱ्या माणसाचं वावडं आहे, ही तक्रार जगभर आहे आणि ती खरी आहे. ‘अंदाज अपना अपना’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन होतं, आमिर खानलाही होतं, हाती काहीच लागलं नाही. ‘अंगूर’साठी संजीवकुमारचं नामांकन नामांकनच राहिलं. मात्र या तक्रारीला एक ठळक अपवाद आहे आणि तो आपला आहे. 1979 सालासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला अमोल पालेकर, ‘गोलमाल’साठी. समोर ‘काला पत्थर’ आणि ‘मिस्टर नटवरलाल’ अशी दोन नामांकनं घेऊन अमिताभ उभा होता, तोही त्याच्या भर उमेदीच्या काळात. मिशी लावून एक आणि मिशीवाचून दुसरा, एवढ्या भांडवलावर पालेकरने तो खांब हलवला. या निकालावर कुणी वाद घालत नाही, आणि ते मला लक्षणीय वाटतं. बरोबर निकाल लोक विसरून जातात.

अमिताभचा खटला वेगळाच. ‘जंजीर’ आला त्या वर्षी बाहुली ऋषी कपूरला ‘बॉबी’साठी गेली. पुढे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ऋषी कपूरने स्वतःच लिहून टाकलं की त्या पुरस्कारासाठी आपण तीस हजार रुपये मोजले होते. कबुलीमुळे वाद संपायला हवा होता. उलट तो भलत्या दिशेला गेला. आता प्रत्येक न पटणाऱ्या निकालामागे कुणीतरी पाकीट शोधतं. पैशाने काही पुरस्कार हलले असतील. पण चुकीचे वाटणारे बहुतेक निकाल प्रामाणिक आवडीतून आलेले असतात, आणि आवडीशी भांडायला युक्तिवाद लागतो, आरोप पुरत नाही. खुद्द ‘बॉबी’च्या वेळचंच पाहा. अभिनेत्रीचा पुरस्कार त्या वर्षी डिंपल कपाडिया आणि ‘अभिमान’मधली जया भादुरी यांच्यात वाटला गेला. लोकांना ‘बॉबी’चं वेड लागलं होतं, ही गोष्ट पाकिटाशिवायही खरी आहे.

‘शक्ती’च्या वेळी अमिताभसमोर दिलीपकुमार होता, तोही त्याच चित्रपटात. बाप जिंकला, मुलगा हरला. यावर पिढ्यांची भांडणं झाली आहेत. मला हा निकाल नेहमीच योग्य वाटत आला. अमिताभचा विजय हा संतापून गप्प झालेला मुलगा त्याने याआधीही केला होता, थोड्याफार फरकाने. दिलीपकुमारचा पोलीस अधिकारी नवा होता: कर्तव्याने ताठ झालेला आणि मुलाच्या नजरेत आपण कायमचे हरलो आहोत हे ठाऊक असलेला बाप.

एका वादात मराठी माणसाला दोन्ही बाजूंनी बोलावंसं वाटेल, तो 1983 च्या चित्रपटांचा. ‘अर्धसत्य’ने त्या वर्षी मैदान मारलं. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक गोविंद निहलानी, कथा श्री. दा. पानवलकर, पटकथा विजय तेंडुलकर, सहायक अभिनेता सदाशिव अमरापूरकर. मूळ कथा मराठी, पटकथाकार मराठी, रामा शेट्टी झालेला अमरापूरकरही मराठी रंगभूमीवरून आलेला. एवढं सगळं मिळून ज्याच्या खांद्यावर चित्रपट उभा होता त्या ओम पुरीला मात्र नाही. अभिनेत्याचा पुरस्कार नसीरुद्दीन शाहला ‘मासूम’साठी. ओम पुरीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, म्हणून भरपाई झाली असं म्हणतात. नामांकनात ‘सदमा’चा कमल हासनही होता, आणि त्याच भूमिकेसाठी मूळ तमीळ चित्रपटात त्याला आदल्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला. इतकं भरलेलं ताट पुन्हा क्वचितच वाढलं गेलं. नसीर ‘मासूम’मध्ये काही चूक करत नाही, चुकलेल्या नवऱ्याची लाज तो नुसत्या खांद्यांतून दाखवतो. तरीही ‘अर्धसत्य’मधलं वेलणकर हे पात्र ओम पुरीशिवाय कल्पनेतही येत नाही. खडबडीत चेहरा, आतून किडत चाललेला वर्दीतला माणूस. माझं मत ओम पुरीला.

समांतर सिनेमातला आणखी एक निकाल याहून बोचरा आहे. ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेला. फिल्मफेअरने त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवलं, राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनी स्मिता पाटीलला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं. पण फिल्मफेअरची अभिनेत्रीची बाहुली ‘स्वामी’तल्या शबाना आझमीकडे गेली. ‘भूमिका’ हा चित्रपट एका बाईच्या आयुष्याची वीसेक वर्षं आहे आणि ती बाई पडद्यावरून हलत नाही. चित्रपट श्रेष्ठ आणि ती बाई साकारणारी नटी श्रेष्ठ नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. ‘स्वामी’ची शबाना नितळ आहे, पण ती एका सरळ कथेतली सरळ भूमिका. इथे संकोच न करता सांगतो, निकाल चुकला.

काही वेळा वाद हरलेल्यांनी घातलाच नाही, जिंकलेल्याने घातला. 1972 सालासाठी ‘बेईमान’ने पुरस्कारांची लूट केली: चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, संगीत. त्याच चित्रपटासाठी प्राणला सहायक अभिनेत्याची बाहुली जाहीर झाली आणि त्याने ती नाकारली. कारण संगीताचा पुरस्कार ‘पाकीजा’च्या गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता असं त्याचं म्हणणं. गुलाम मोहम्मद 1968 मध्येच वारले होते, मीनाकुमारी ‘पाकीजा’ प्रदर्शित झाल्यावर काही आठवड्यांतच गेली. त्या चित्रपटाला मिळाला तो एकच पुरस्कार, कलादिग्दर्शनासाठी एन. बी. कुलकर्णी यांना. ‘शोले’ला शिंदे, ‘पाकीजा’ला कुलकर्णी. मोठ्या चित्रपटांची समजूत काढायची वेळ आली की पडद्यामागच्या मराठी कारागिरांकडे बाहुली सुपूर्द व्हायची असं दिसतं. अर्थात त्या दोघांनी ती कमावलेली होती यात शंका नाही. प्राणची कृती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत वजनदार वाटते. आपण फुकट बोलतो, तो स्वतःची बाहुली मोजून बोलला.

वैजयंतीमालानेही ‘देवदास’साठीचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार नाकारला होता. चंद्रमुखी ही पारोइतकीच नायिका आहे, हे तिचं म्हणणं. आणि लता मंगेशकरांनी ‘चोरी चोरी’च्या विजयाच्या वेळी सोहळ्यात गायला नकार दिला, कारण संगीतकाराला बाहुली होती, गाणाऱ्या गळ्याला नव्हती. पुढे पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला त्यांनाच, ‘मधुमती’साठी मिळाला. कोण जिंकायला हवं होतं या प्रश्नाआधी कशासाठी जिंकता येतं हा प्रश्न असतो, हे त्या दोघींना कळलं होतं.

चूक झाली की संस्था ती दुरुस्त करू पाहतात आणि त्यातून नवी चूक जन्माला घालतात. राहुल देव बर्मन यांचं पहिलं फिल्मफेअर कोणत्या चित्रपटासाठी, असं पंचमच्या भक्ताला विचारून पाहा. ‘सनम तेरी कसम’. ‘शोले’साठी नामांकन होतं, तेव्हा बाहुली ‘जूली’च्या राजेश रोशनकडे गेली होती. हॉलिवूडही यात मागे नाही. पॉल न्यूमन उभ्या कारकिर्दीत हरत राहिला. ‘गांधी’च्या वर्षी ‘द व्हर्डिक्ट’मधल्या दारुड्या वकिलासाठी तो बेन किंग्जलीकडून हरला, आणि अखेर ‘द कलर ऑफ मनी’ या त्यामानाने किरकोळ चित्रपटासाठी जिंकला. आपल्याकडचं ताजं उदाहरण शाहरुख खानचं. 2004 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारात ‘स्वदेस’ला मागे टाकून ‘हम तुम’चा सैफ अली खान सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला. वाईजवळच्या मेणवलीत चित्रित झालेला ‘स्वदेस’ तिकीटबारीवर पडला, पण त्यातला शाहरुख एरवीचं हात पसरणं सोडून शांतपणे पाहत राहिला होता. फिल्मफेअरने ते ओळखलं, बाहुली दिली. राष्ट्रीय पुरस्कार आला तो 2025 मध्ये जाहीर झालेल्या यादीत, ‘जवान’साठी, विक्रांत मॅसीबरोबर वाटून. चाहत्यांनी पेढे वाटले आणि त्याच तोंडाने तो ‘स्वदेस’चाच असल्याचं सांगितलं.

ऑस्करचा विषय भारतात निघतो तो बहुधा दोन पराभवांपाशी. ‘मदर इंडिया’ फेलिनीच्या ‘नाइट्स ऑफ कॅबिरिया’कडून एका मताने हरला, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. अकादमी मतांचे आकडे कधी जाहीर करत नाही, त्यामुळे ते एक मत कुणी मोजलं हे विचारायला हवं. आशुतोष गोवारीकरचा ‘लगान’ बोस्नियाच्या ‘नो मॅन्स लँड’कडून हरला. दोन शत्रू सैनिक एका खंदकात अडकतात, तिसऱ्याच्या पाठीखाली सुरुंग, तो हलला की सगळे संपणार. युद्धाचा मूर्खपणा याहून कमी जागेत मांडलेला मी पाहिलेला नाही. ‘लगान’वर माझं प्रेम आहे, पण त्या दिवशी योग्य चित्रपट जिंकला. गंमत म्हणजे ‘गांधी’ जिंकला तेव्हा खुद्द रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचं म्हणणं होतं की पुरस्कार स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’ला मिळायला हवा होता. दिग्दर्शक स्वतः म्हणतो म्हणून तो निकाल उलटवायचा का? मी म्हणेन, खुशाल. मात्र कोल्हापूरच्या भानू अथैया यांचा वेशभूषेचा पुरस्कार कुणी मागू नये. शेकडो माणसांच्या गर्दीत खादीची प्रत्येक छटा वेगळी दिसते, ते काम त्यांचं आहे.

नामांकनच न मिळालेल्यांची यादी मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे. ती भावना वेगळी, तिथे तुलना करायला समोर कुणी नसतं आणि हळहळ अमर्याद वाढू शकते. ज्यांच्या नावापुढे नामांकन लागलं होतं, त्यांचा प्रश्न तपासता येतो. मोजके जण, एक वर्ष, एक निकाल. त्या वर्षीचे सगळे पाहिलेत तर बोलण्याचा अधिकार मिळतो.

म्हणून मधुबालाचा प्रश्न. ‘घूंघट’ आज फार थोड्यांनी पाहिलेला आहे. टागोरांच्या ‘नौकाडुबी’वर आधारलेली ती कथा आहे, घुंगटामुळे बायको ओळखण्याचा घोळ आणि त्यातून उभा राहिलेला सोशिकपणा. बीना राय सोज्वळ दिसते, रडते, सोसते; त्या काळच्या प्रेक्षकाला नायिकेकडून जे हवं होतं ते सगळं देते. अनारकली सोसत नाही, बादशहाच्या नजरेला नजर देते, आणि बेड्यांचं ओझं त्या मुलीच्या मानेवर दिसतं तेव्हा ते अभिनयाच्या पलीकडचं वाटतं; हृदयाच्या आजाराने ती तेव्हा खरोखरच थकलेली होती. 1961 च्या मतदाराने सोसणारी निवडली. माझा निकाल मधुबालाच्या बाजूने आहे. तुमचाही तोच असणार याची खात्री आहे, पण तो देण्याआधी ‘घूंघट’ मिळवा आणि शेवटपर्यंत पाहा.